कोनशिला बसली, पुढे काय?

भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. "मावशी, बेडफर्डजवळ विक्सम्सला घर बघतोय. एजंट म्हणतो, युनिव्हर्सल येतंय, आत्ता घ्या, पुढे परवडणार नाही. तू जवळ राहतेस, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, दोन-चार दिवस दे, लिहून पाठवते. युरोपात सिनेमाच्या नावाने निघणाऱ्या या पार्कांच्या बातम्या मी बरीच वर्षं कापून ठेवत आले आहे. कात्रणांची फाइल खाली काढली आणि ही वही उघडली. सुचेल तसं लिहीत जाते.

*

आधी बातमी नीट लिहून ठेवते. 9 एप्रिल 2025 रोजी ब्रिटनचे पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी जाहीर केलं की युनिव्हर्सलचं युरोपातलं नवं थीम पार्क बेडफर्डजवळ केम्पस्टन हार्डविकला होणार. जागा 476 एकर, जुन्या वीटभट्ट्यांची. उद्घाटन 2031 साली. पहिल्या वर्षी 85 लाख लोक येतील. बांधकामातल्या आणि नंतरच्या मिळून 28,000 नोकऱ्या. 2055 पर्यंत देशाला 50 अब्ज पौंडांचा फायदा.

यातल्या 476 एकरांखाली मी रेघ मारली, कारण जमीन मोजता येते आणि कंपनीने ती 2023 सालीच विकत घेतली आहे. बाकी सगळे आकडे अंदाज आहेत. अंदाज करण्यात गैर काही नाही. पण वर्तमानपत्रात जमीन आणि अंदाज एकाच ओळीत, एकाच टायपात छापले जातात आणि वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच पक्के वाटतात.

*

85 लाख म्हणजे किती? जर्मनीत रुस्ट गावी युरोपा पार्क आहे. माक कुटुंबाचं. हे लोक 1780 पासून वाल्डकिर्शला आधी गाड्या, मग जत्रेच्या फिरत्या गाड्या, मग राइड बनवत आले. 1975 साली त्यांनी आपल्या राइड गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून पार्क काढलं. वर्षाला एक-दोन गोष्टींची भर घालत घालत ते 60 लाखांच्या घरात पोहोचलं. त्याला जवळपास 50 वर्षं लागली. बेडफर्डला त्याहून जास्त लोक पहिल्याच वर्षी येणार आहेत.

*

स्वान्सकोम. याच्यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण मी तिथे जाऊन आले आहे.

केंटमध्ये थेम्सच्या वळणावर जमिनीचं एक टोक नदीत घुसलंय, तो स्वान्सकोमचा भाग. शंभर-दीडशे वर्षं तिथे सिमेंटचे कारखाने होते. 2012 साली घोषणा झाली की इथे पॅरामाउंटच्या नावाचं प्रचंड पार्क होणार. पार्क 2018 ला उघडायचं होतं. 2014 साली सरकारने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रकल्पाचा दर्जा दिला. असा दर्जा वीज केंद्रांना, बंदरांना, रेल्वेला मिळायचा. करमणुकीच्या धंद्याला तो मिळण्याची ही पहिली वेळ. त्यामुळे सक्तीने जमीन घेण्याचा रस्ता मोकळा होणार होता. 2017 ला पॅरामाउंट बाहेर पडलं, 2019 ला परत आलं. उद्घाटनाची तारीख दर एक-दोन वर्षांनी पुढे सरकत राहिली. परवानगीचा अर्ज प्रत्यक्ष दाखल व्हायला 2020 चा शेवट उजाडला. म्हणजे जे पार्क 2018 ला उघडायचं होतं, त्याचा अर्जच दोन वर्षांनी आला.

मी गेले तेव्हा एबस्फ्लीट स्टेशनावरून चालत गेले. एका बाजूला लव्हाळी, चिखल, भरतीचं पाणी. दुसऱ्या बाजूला सिमेंटच्या भट्ट्यांच्या राखेचे जुने ढीग, आणि त्या राखेवर फुलं. डोक्यावरून थेम्स ओलांडणाऱ्या विजेच्या तारा, आणि त्यांचा 190 मीटरचा मनोरा. इतका उंच की मान दुखते. मी एका राखेच्या उतारावर बसले आणि पायाजवळच्या उघड्या मातीकडे बघत राहिले. तिथे एक छोटासा कोळी असतो, काही मिलिमीटरचा, राखाडी. जाळं विणत नाही, भक्ष्यावर झेप घेतो. मातीच्या रंगात इतका मिसळतो की हलल्याशिवाय दिसत नाही. सगळ्या ब्रिटनमध्ये तो फक्त दोन ठिकाणी सापडतो आणि त्यातलं एक हे. मला तो दिसला नाही. मुंग्या दिसल्या, एक गोगलगाय दिसली. पण माणसाने ओरबाडून टाकून दिलेल्या जमिनीवर एवढं सगळं आपापलं उगवलेलं पाहून उठवेना.

2021 साली निसर्ग खात्याने या सगळ्या भागाला संरक्षण दिलं. मार्च 2022 मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला. 2025 साली कोर्टाने ती कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. तिथे एकही पाळणा फिरला नाही.

लोक म्हणतात, एका कोळ्याने पार्क अडवलं. मला हे मुळीच पटत नाही. कोळी चर्चेत येईपर्यंत नऊ वर्षं गेली होती, आणि त्या नऊ वर्षांत बांधकामाला लागणारा पैसा कुणी आणून ठेवलेला नव्हता. या सगळ्यात भरडले गेले ते तिथल्या औद्योगिक वसाहतीतले लहान धंदेवाले. गॅरेजवाले, लोखंडाचं काम करणारे. जागा सक्तीने जाणार की राहणार हे माहीत नाही, म्हणून नवं यंत्र घेता येत नाही, जागा विकता येत नाही, मुलाला धंद्यात घ्यावं की नाही ठरवता येत नाही. माणसाच्या आयुष्यातली दहा वर्षं अशी टांगून ठेवणं हे फार मोठं नुकसान आहे, आणि ते कुठल्याच ताळेबंदात लिहिलेलं नसतं.

*

मुर्सिया. स्पेनच्या आग्नेयेला आल्हामा दे मुर्सिया नावाचं गाव. तिथेही पॅरामाउंट. 2012 साली कोनशिला बसली, 2015 ला पार्क उघडणार होतं, खर्च एक अब्ज युरोहून जास्त सांगितला होता. पार्क झालं नाही.

आणि हे सगळं कधी? स्पेनमध्ये बांधकामाचा फुगा फुटून चार वर्षं झाली होती, तरुण पोरांना कामं नव्हती, तेव्हा. ज्या गावात काम नसतं तिथे असली घोषणा लवकर रुजते. लोक भोळे असतात म्हणून नाही. त्यांना गरज असते म्हणून.

*

दोन्ही ठिकाणी पॅरामाउंटने नाव दिलं होतं. जमीन, कर्ज, परवानग्या, बांधकाम हे सगळं स्थानिक कंपनीच्या गळ्यात. नावाचे पैसे स्टुडिओला मिळणार, जोखीम मात्र दुसऱ्याची. माझ्या मते सगळ्या कात्रणांतून निघणारा प्रश्न एवढाच: पाटीवर ज्याचं नाव आहे, त्याचाच पैसा जमिनीत गेलाय का?

*

मार्च 1987 मध्ये फ्रान्स सरकार आणि डिस्नेचा करार झाला. पॅरिसच्या पूर्वेला सुमारे 32 किलोमीटरवर मार्न-ला-वाले इथे बिटाच्या शेतांवर युरो डिस्ने उभं राहिलं आणि 12 एप्रिल 1992 ला उघडलं. नाट्यदिग्दर्शक आरियान मनुश्किन यांनी त्याला 'सांस्कृतिक चेर्नोबिल' म्हटलं, ते वाक्य अजून सगळे लेख लिहिणारे वापरतात. पण पार्क अडचणीत आलं ते संस्कृतीमुळे नाही, कर्जामुळे. पहिल्याच दिवशी हॉटेलांच्या 5,000 हून जास्त खोल्या तयार होत्या, आणि त्या भरल्या नाहीत. पॅरिस अर्ध्या तासावर असताना लोक तिथे मुक्कामाला कशाला राहतील? दारू विकायची नाही असा नियम केला. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर वाइन नाही! तो 1993 साली मागे घ्यावा लागला. युरोपातले लोक सकाळी नीट नाश्ता करत नाहीत असं कुणी तरी सांगितलं होतं, म्हणून नाश्त्याच्या जागा लहान ठेवल्या, आणि सकाळी रांगा लागल्या. 1993 चा तोटा 5 अब्ज फ्रँकच्या वर गेला. 1994 ला बँका, डिस्ने आणि सौदी राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांनी मिळून ते सावरलं.

1989 साली 72 फ्रँकला ज्यांनी शेअर घेतला, त्या सामान्य फ्रेंच माणसांना कोण सावरणार? 2017 साली डिस्नेने सगळी कंपनी आपल्या ताब्यात घेतली, तोवर त्या शेअरचं पार पाणी झालं होतं. मुलांच्या नावाने घेतलेले ते शेअर. कितीतरी घरांत त्याचे कागद चित्र आहे म्हणून भिंतीवर लावलेले असायचे.

*

तरीही डिस्नेलँड पॅरिस आज उभं आहे, आणि त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय.

2009 साली आई साताऱ्याहून आली होती. तिला घेऊन गेले. झोपाळ्यात बसणार नाही, उंचावर जाणार नाही, हे तिने आधीच बजावलं होतं. म्हणून किल्ल्याखालच्या गुहेत नेलं. बाहेर ऊन होतं, आत एकदम गार आणि ओलसर. डोळे सरावायला वेळ लागला. मग पाण्याच्या डबक्यापलीकडे दिसलं: मोठा थोरला ड्रॅगन, गळ्यात साखळी, झोपलेला. श्वासाबरोबर पोट वर-खाली होत होतं. मग त्याने एक डोळा उघडला. पंजाची नखं दगडावर घासली. साखळी ओढली गेली, नाकातून धूर आला आणि घशातून खोल गुरगुर. आईच्या शेजारी एक फ्रेंच पोरगं होतं, ते तिच्या पदराला बिलगलं. कुणाचा पदर आहे हे बघायचं भान त्याला नव्हतं. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही तिथे वीस मिनिटं होतो. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "कुणी तरी मन लावून केलंय गं हे."

दुपारी शेजारच्या दुसऱ्या पार्कात गेलो, वॉल्ट डिस्ने स्टुडिओज. हे 2002 साली उघडलेलं, 'सिनेमा कसा बनतो' हा विषय घेऊन. मोठमोठ्या शेड, रुंद डांबरी मोकळी जागा, सावली नाही. आई बाकावर बसली ती उठेचना. "इथे काय बघायचं?" तिचा प्रश्न बरोबर होता. हे पार्क हात राखून बांधलं होतं आणि ते लहान मुलालाही कळत होतं. 2018 साली डिस्नेने 2 अब्ज युरो घालून ते वाढवायचं जाहीर केलं, आणि आता त्याचं जुनं नावही बदललंय. एका मालकाने, एकाच गावात, शेजारी शेजारी दोन पार्कं बांधली. एक टिकलं ते कामामुळे. दुसऱ्याला सिनेमाचं नाव पुरलं नाही.

*

बोत्रोप. जर्मनीच्या रूर भागातलं कोळशाचं गाव. देशातली शेवटची दगडी कोळशाची खाण याच गावातली, प्रोस्पर-हानिएल, 2018 च्या डिसेंबरात बंद झाली. तिथे आधी बव्हेरिया फिल्मचं पार्क काढून बघितलं, ते दोन वर्षंही धड चाललं नाही. मग 1996 च्या जूनमध्ये त्याच जागी वॉर्नर ब्रदर्सचं मूव्ही वर्ल्ड. 2004 ला विक्री, 2005 पासून नाव 'मूव्ही पार्क जर्मनी'.

नाव गेलं की काय होतं ते इथे दिसतं. 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट' सिनेमावरचा लाकूड-पोलादाचा एक कोस्टर होता. आता तो 'बँडिट'. 'इरेझर' नावाचा दुसरा कोस्टर, तो 'एमपी एक्सप्रेस'. रूळ तेच, डबे तेच, वळणं तीच, पाटी वेगळी. रांगेतल्या पोरांना फरक पडत नाही. मग इतकी वर्षं त्या नावापायी मोजलेला पैसा कशासाठी होता?

*

माद्रिदच्या दक्षिणेला सॅन मार्टिन दे ला वेगा. वॉर्नरचं पार्क, एप्रिल 2002. प्रादेशिक सरकारचा वाटा मोठा, वॉर्नरचा अगदी लहान. पार्कासाठी म्हणून पिंतोहून खास रेल्वे फाटा टाकला, तोही सार्वजनिक पैशातून. प्रवासी मिळेनात. 2012 साली गाडी बंद. पार्क चालू आहे, लोक मोटारीने जातात.

दहा वर्षांत रेल्वे बंद. त्या गावच्या लोकांनी या गाडीच्या भरवशावर माद्रिदच्या नोकऱ्या धरल्या असतील, त्यांचं काय झालं असेल हे माझ्या डोक्यातून जात नाही.

*

बॅटरसी पॉवर स्टेशन सिनेमाचं पार्क नव्हतं, पण कात्रण फाइलमध्ये आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी थीम पार्क करायचं म्हणून आतली यंत्रं काढायला छप्पर उतरवलं, 1989 ला पैसे संपले. लंडनच्या पावसात ती प्रचंड वास्तू उघडी भिजत राहिली. दुकानं आणि घरं होऊन ती 2022 साली उघडली.

*

भाचा म्हणाला होता, "आपलं इमॅजिका चालतंय ना!" चालतंय, आणि मला त्याचा आनंद आहे. पण 2013 ला खोपोलीजवळ उघडलेलं ते पार्क कर्जाच्या ओझ्याखाली दबलं आणि 2022 साली मालपाणी समूहाने हातात घेतल्यावर सावरलं. 'मिस्टर इंडिया'ची राइड होतीच की पहिल्यापासून. सिनेमाने व्याज फिटत नाही.

*

जिथे सिनेमा खरंच घडला, त्या जागांबद्दल मला वेगळंच वाटतं.

माल्टात अँकर बेच्या काठावर 'पॉपाय' सिनेमासाठी 1979-80 साली लाकडी गाव उभं केलं होतं. लाकूड बाहेरून बोटीने आणलेलं, कारण माल्टात जंगल नाही. शूटिंग संपल्यावर ते पाडायचं राहिलं. वाकडीतिकडी रंगीत घरं अजून उभी आहेत, लोक तिकीट काढून बघतात, मुलं पाण्यात उड्या मारतात.

आणि लंडनच्या वायव्येला लीव्ह्जडेन. तिथे युद्धकाळात विमानं बनायची. त्याच शेडमध्ये हॅरी पॉटरचे सिनेमे झाले आणि मार्च 2012 पासून तो स्टुडिओ बघायला मिळतो. तिथल्या मोठ्या दालनाची फरशी खऱ्या यॉर्क दगडाची आहे. प्लॅस्टर रंगवून भागलं असतं, पण दहा वर्षं पोरांचे पाय त्यावर पडणार, कॅमेरे त्यावरून सरकणार, म्हणून दगड. मी वाकून हात लावला. थंड, खडबडीत, कडांना गुळगुळीत झालेला. माझ्या शेजारी एक जपानी आजोबाही वाकून तेच करत होते. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. त्या जागेला राइड लागत नाही.

*

रोमजवळ कास्तेल रोमानोला दिनो दे लॉरेन्तीस यांच्या जुन्या स्टुडिओच्या जागेवर जुलै 2014 मध्ये 'चिनेचित्ता वर्ल्ड' उघडलं. आखणी दान्ते फेर्रेत्ती यांची, संगीत एन्नियो मोरिकोने यांचं. प्रवेशद्वार 1914 च्या 'काबिरिया' या मूकपटातल्या मोलोखच्या मंदिरासारखं. याहून मोठी माणसं कुठून आणणार? तरी सुरुवातीला गर्दी अपेक्षेपेक्षा खूपच कमी. इटालियन माणसाला सिनेमाचा अभिमान आहे, पण चार जणांच्या कुटुंबाचा दिवसाचा खर्च तो अभिमानातून करत नाही.

*

युनिव्हर्सल युरोपात पहिल्यांदा येत नाहीये, हेही भाच्याला सांगायला हवं. स्पेनमध्ये सालोऊचं पोर्ट अव्हेंच्युरा 1998 ला त्यांनी घेतलं, स्वतःचं नाव लावलं, 2004 ला वाटा विकून निघून गेले. त्याच्याही आधी, 1980 च्या दशकाच्या अखेरीस, लंडनच्या पूर्वेला रेनहॅमच्या दलदलीत त्यांचं पार्क व्हायचं घाटत होतं. झालं नाही. आज तिथे पक्ष्यांचं अभयारण्य आहे. हिवाळ्यात टिटव्यांचे थवे उतरतात.

*

काल केम्पस्टन हार्डविकला गाडी घेऊन गेले. सपाट माळ, मधे खाणींची तळी. इथली चिकणमाती वेगळी आहे. तिच्यात सेंद्रिय द्रव्य इतकं मिसळलेलं आहे की वीट एकदा पेटली की स्वतःच्याच आतल्या जळणावर भाजत राहते, कोळसा थोडासाच लागतो. म्हणून इथे विटा स्वस्त पडल्या आणि त्या विटांनी निम्मं लंडन बांधलं. शेजारच्या स्टुअर्टबीचा कारखाना 1930 च्या दशकात जगातला सगळ्यात मोठा वीट कारखाना होता. युद्धानंतर माणसं मिळेनात तेव्हा दक्षिण इटलीतून कामगार आणले, मग आपल्याकडचे, पाकिस्तानातले. बेडफर्डात आजही चांगली इटालियन कॉफी मिळते ती त्यामुळे. 2008 ला भट्ट्या विझल्या. शेवटची चार धुराडी 2021 साली पाडली.

कुंपणाजवळ मातीत एक तुटकी वीट सापडली. एका बाजूला भाजल्याचे गुलाबी-पिवळे पट्टे, मधे खोलगट भाग. घरी आणून खिडकीत ठेवली आहे.

*

आता माझं मत.

बेडफर्डचं पार्क होईल, असं मला वाटतं. स्वान्सकोम आणि मुर्सियाहून इथे मोठा फरक आहे: ज्याचं नाव, त्याचीच जमीन आणि त्याचाच पैसा. म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं होईल. पण 28,000 आणि 50 अब्ज या आकड्यांवर माझा विश्वास नाही. त्यातल्या 20,000 नोकऱ्या बांधकामाच्या काळातल्या आहेत, पुढे उरतात 8,000. त्यातल्या किती बारमाही, किती फक्त उन्हाळ्याच्या, पगार किती, हे बेडफर्डच्या लोकांनी आत्ताच विचारून घ्यायला हवं, फाटक उघडल्यावर नाही. रस्ते आणि स्टेशनांसाठी सार्वजनिक पैसा जाणार आहे, तो किती आणि कशाच्या बदल्यात, हेही. विक्सम्सचे लोक आपल्या स्टेशनाची कित्येक वर्षं वाट बघत आहेत. घरं आली, माणसं राहायला आली, मुलं शाळेत गेली, तरी गाडी थांबेना. पार्काच्या नावाने ते स्टेशन आता मोठं होतंय. त्यांना ते आधीच मिळायला हवं होतं, पार्क असो वा नसो.

*

भाच्याला पाठवायचं ते हे:

घर दोघांनी जाऊन बघा, पावसाच्या दिवशी बघा. शाळा चालत जाण्याएवढी जवळ असेल, आणि कुणा एकाची नोकरी गेली तरी हप्ता दुसऱ्याच्या पगारात बसणार असेल, तर खुशाल घ्या. पार्क येणार म्हणून एजंट जो वरचा भाव सांगतोय, तो मात्र देऊ नका. त्यातला एक पौंडही देऊ नका.